नाताळचे झाड अंगणातच वाढू द्या

वसईच्या किनाऱ्यावर राजोडी, कळंब, अर्नाळा या गावांना लागून सुरूची बने आहेत. नाताळ जवळ आला की घरातली पोरे तिथून एक डेरेदार फांदी घेऊन यायची. वाळूने भरलेली बादली, त्यात रोवलेली फांदी, तिच्यावर रंगीत कागदांच्या साखळ्या आणि शेंड्याला चांदीच्या कागदाचा तारा, की झाले नाताळचे झाड. गोव्यातल्या घरांत आणि मुंबईच्या गावठाणांतही रीत साधारण अशीच होती. दोन-चार दिवसांत फांदी सुकायची, तिचे हिरवे दोरे पिवळे पडून लादीवर गळायचे आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती परसात फेकली जायची.

पुढे बाजारात प्लास्टिकचे झाड आले. ते गळत नाही, सुकत नाही, खोक्यात घालून माळ्यावर टाकता येते, म्हणून ते घरोघरी पोहोचले. आता त्याच्या जोडीला नर्सरीतले कुंडीतले ‘ख्रिसमस ट्री’ आले आहे. डिसेंबरमध्ये ते हौसेने विकत घेतले जाते, पंधरा दिवस दिवाणखान्यात मिरवते आणि मार्चपर्यंत बहुतेक घरांत पाण्याअभावी किंवा पाण्याच्या अतिरेकाने मरते.

फांदी, प्लास्टिक आणि कुंडी या तिन्हींमागे कल्पना एकच आहे: झाड घरात आलेच पाहिजे. ही कल्पनाच एकदा तपासून पाहायला हवी. ज्यांच्या घराला अंगण आहे, वाडी आहे, निदान दाराशी चार हात मोकळी जमीन आहे, त्यांनी नाताळचे झाड जमिनीत लावावे, तिथेच वाढवावे, तिथेच सजवावे आणि सणाच्या रात्री घरादाराने त्याच्यापाशी जावे. कोकणात आणि गोव्यात हे सहज जमण्यासारखे आहे आणि त्यासाठी लागणारे झाडही परके नाही.

मराठी माणसाला हा वाद तसा ओळखीचा आहे. वटपौर्णिमेला बाजारात वडाच्या फांद्या विकायला येतात, तेव्हा दरवर्षी हाच प्रश्न उभा राहतो की पूजा वडाची करायची की तोडलेल्या डहाळीची. दसऱ्याला आपट्याची झाडे ओरबाडली जातात, तेव्हा आपटा दारात लावा असे सांगणारी माणसे गावोगाव पुढे येतात. तुळस तर अंगणात असते म्हणूनच तिचे लग्न अंगणात लागते, मांडव तिच्याभोवती घातला जातो. सण झाडापाशी जाऊन साजरा करण्याची सवय या मातीत आधीपासून आहे. नाताळ त्याला अपवाद का असावा?

अपवाद झाला तो थंडीमुळे. ख्रिसमस ट्रीची प्रथा बायबलमधून आलेली नाही. ती जर्मन भाषक प्रदेशांत, मुख्यतः ऱ्हाइन नदीकाठी, सोळाव्या शतकात रुजली. अल्सास प्रांतातल्या सेलेस्टा या गावाच्या दफ्तरात १५२१ सालची एक नोंद आहे. नाताळच्या दिवसांत गावच्या रानातली झाडे राखण्यासाठी राखणदारांना चार शिलिंग दिल्याचा तो हिशेब आहे. म्हणजे या प्रथेच्या अगदी जुन्या कागदांपैकी एक हा झाडतोड थांबवण्याच्या खर्चाचा कागद आहे, आणि पाचशे वर्षे झाली तरी त्यातली काळजी जुनी झालेली नाही. पुढे १६०५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या घरांत झाडे उभी करून त्यांना कागदी गुलाब, सफरचंदे आणि गोड पापड्या टांगत असल्याचे वर्णन मिळते. बाहेर गुडघाभर बर्फ असताना हिरवे काही पाहायचे, तर ते घरातच आणावे लागत होते. ऐन हिवाळ्यात पाने न गाळणारे झाड म्हणजे जीवन टिकून असल्याची खूण, हा त्यामागचा भाव होता आणि तो खराच सुंदर आहे.

इंग्लंडमध्ये ही प्रथा घरोघरी पोहोचली ती १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांचे झाडाभोवतीचे चित्र छापल्यावर. व्हॅटिकनमध्ये सेंट पीटर्स चौकात नाताळचे झाड उभे राहू लागले ते तर थेट १९८२ मध्ये, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या काळात. गव्हाणीचा देखावा त्याहून कितीतरी जुना. असिसीच्या संत फ्रान्सिसने ग्रेच्चो गावी तो १२२३ मध्ये मांडला होता. तेव्हा झाडाची रीत बदलली तर धर्माला धक्का बसतो, असे मानण्याचे कारण नाही. ती एका थंड मुलुखाची लोकरीत आहे आणि लोकरीत मुलखाप्रमाणे बदलते.

ज्या देशांत ही प्रथा वाढली, तिथेही स्वतःच्या जमिनीत झाड वाढवण्याची मोठी परंपरा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी हडसन नदीकाठच्या हाइड पार्क येथील आपल्या जमिनीवर नाताळची झाडे लावली होती आणि ती ते विकतही असत. मतदान केंद्रावर व्यवसाय विचारला की ते स्वतःला झाडे लावणारा शेतकरी म्हणवून घेत. आजही अमेरिकेत या झाडांची रीतसर शेती होते. तिथल्या उत्पादकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या आकड्यांनुसार सुमारे ३५ कोटी झाडे शेतांत वाढत असतात आणि दरवर्षी अडीच ते तीन कोटी खरी झाडे विकली जातात. सहा-सात फुटांचे झाड तयार व्हायला सरासरी सात वर्षे लागतात, काही जातींना पंधराही. नॉर्थ कॅरोलायनात फ्रेझर फर, युरोपात कॉकेशस पर्वतातून आलेला नॉर्डमन फर. या नॉर्डमनचे बी मोठ्या प्रमाणावर जॉर्जिया देशातल्या आंब्रोलाउरी भागातून येते. तिथली माणसे तीस-तीस मीटर उंच झाडांवर चढून त्याची बोंडे काढतात.

शेतात लावलेले झाड तोडले आणि त्या जागी नवे रोप लावले, तर ते ऊस किंवा केळी काढण्यासारखे पीक आहे. त्यात पाप नाही. काही बागायतदार तर झाड मुळापासून तोडतही नाहीत. खालच्या फांद्यांचा एक घेर शाबूत ठेवून वरचा भाग कापतात आणि बुंध्यातून फुटणाऱ्या कोंबांपैकी एक सरळ कोंब राखून त्याचे पुढचे झाड करतात. एकाच मुळावर अशी दोन-तीन झाडे निघतात.

पण हे सगळे फर आणि स्प्रूसच्या बाबतीत. या झाडांना खरा हिवाळा लागतो. वसईत, मालवणात किंवा मडगावात ती उन्हाळा काढू शकत नाहीत, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाने हौसेने पाठवलेले स्प्रूसचे बी कोकणात रुजवत बसण्यात अर्थ नाही.

सुरूची फांदी आता सोडूनच द्यायला हवी. सुरू दिसतो पाइनसारखा, पण पाइनचा तो दूरचाही भाऊ नाही. त्याचे लांब हिरवे दोरे म्हणजे पाने नसून सांधे असलेल्या बारीक डहाळ्या आहेत. खरी पाने प्रत्येक सांध्याभोवती बारीक खवल्यांसारखी चिकटलेली असतात. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर त्याची लागवड कारवारकडे १८६८ मध्ये सुरू झाली आणि पुढे वाळू अडवण्यासाठी आणि वाऱ्याला आडोसा म्हणून तो किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. किनाऱ्यावरच्या मूळ वनस्पतींना तो दाबून टाकतो, असा आक्षेप अभ्यासक घेतात आणि त्यात तथ्य आहे. तरी ज्या गावाला त्या बनाचा आडोसा आहे, त्या गावानेच सणासाठी त्याच्या फांद्या मोडाव्यात हे पटण्याजोगे नाही.

प्लास्टिकच्या झाडाचा हिशेबही नीट मांडावा लागेल. ब्रिटनमधल्या कार्बन ट्रस्ट या संस्थेच्या गणितानुसार दोन मीटर उंचीच्या प्लास्टिकच्या झाडामागे सुमारे ४० किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन होते. तेवढेच खरे झाड तोडून, वापरून, नंतर त्याचा भुसा केला किंवा जाळले तर साडेतीन किलो आणि कचऱ्याच्या डेपोत कुजले तर १६ किलो. म्हणजे प्लास्टिकचे झाड निदान दहा-बारा वर्षे वापरले, तर कुठे बरोबरी होते. ज्या घरी असे झाड आधीच आहे, त्यांनी ते टाकून देऊ नये, मोडेपर्यंत वापरावे. फक्त ते मोडल्यावर दुसरे आणू नये.

मग उरते नर्सरीतले कुंडीतले झाड, आणि त्याच्याबद्दल नर्सरीवाला सांगत नाही त्या गोष्टी बऱ्याच आहेत. या झाडाचे नाव अरोकेरिया. ते प्रशांत महासागरातल्या बेटांवरून आलेले आहे. कॅप्टन जेम्स कुक दुसऱ्या सफरीवर असताना १७७४ च्या सप्टेंबरमध्ये न्यू कॅलेडोनियाजवळ त्याच्या जहाजावरून क्षितिजावर उंच सुळके दिसू लागले. बरोबरचे निसर्ग अभ्यासक ते दगडी खांब आहेत म्हणत होते, कुकला ती झाडे वाटत होती. कुकचेच म्हणणे खरे ठरले. त्या झाडाच्या शास्त्रीय नावात ‘स्तंभासारखे’ हा अर्थ तेव्हापासून चिकटला. त्यानंतर काही आठवड्यांतच, १० ऑक्टोबरला, तो नॉरफोक बेटावर उतरला आणि तिथे त्याला याच कुळातले दुसरे झाड भेटले. जहाजांच्या डोलकाठ्यांना ते उपयोगी पडेल अशी त्याची आशा होती, पण लाकूड तितके मजबूत निघाले नाही. आज जगभर ‘नॉरफोक पाइन’ म्हणून विकली जाणारी पुष्कळ रोपे प्रत्यक्षात न्यू कॅलेडोनियातल्या त्या पहिल्या झाडाची, म्हणजे कुकच्या पाइनची असतात, आणि गंमत म्हणजे यातले एकही खऱ्या अर्थाने पाइन नाही.

या कुळाचा भारताशी जुना संबंध आहे, तोही माणसाच्या कितीतरी आधीचा. भारत गोंडवनाचा भाग असताना अरोकेरियाच्या कुळातली झाडे इथे वाढत होती. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांत त्यांचे जीवाश्म सापडतात. पुढे ती भारतातून नाहीशी झाली आणि दूरच्या बेटांवर टिकली. त्या अर्थाने कुंडीतले हे रोप फार लांबच्या प्रवासानंतर परत आलेले आहे.

ते खाऱ्या वाऱ्यात तग धरते, पाण्याचा निचरा होणाऱ्या वाळूमिश्रित जमिनीत छान वाढते, त्यामुळे वसईपासून काणकोणपर्यंतच्या किनारपट्टीवर त्याला अडचण नाही. अडचण आहे ती उंचीची. मायभूमीत ही झाडे पन्नास-साठ मीटरपर्यंत जातात, म्हणजे पंधरा-सोळा मजली इमारतीएवढी. कुंडीत दोन फुटांचे गोजिरे दिसणारे रोप अंगणात लावले की पहिली काही वर्षे संथ असते, मग मात्र ते कौलांना, विजेच्या तारांना आणि शेजाऱ्याच्या गच्चीला मागे टाकत जाते. शेंडा छाटून ते बुटके ठेवता येत नाही. शेंडा गेला की त्याची ती घोटीव, थरावर थर रचलेली ठेवण कायमची बिघडते. बाजूची फांदी लावून नवे झाड करू म्हटले तर तेही होत नाही. आडव्या फांदीपासून केलेले रोप जन्मभर आडवेच वाढते. खालची एखादी फांदी सुकून गळाली तर त्या जागी दुसरी फुटत नाही.

कुकच्या पाइनची आणखी एक विलक्षण सवय आहे. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी पाच खंडांतली २५६ झाडे मोजून २०१७ मध्ये दाखवून दिले की हे झाड विषुववृत्ताकडे कलते, सरासरी साडेआठ अंशांहून थोडे अधिक. उत्तर गोलार्धात ते दक्षिणेकडे झुकते, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. तेव्हा कोकणात ज्याला हे झाड लावायचे आहे, त्याने घराच्या दक्षिणेला लावावे म्हणजे ते घरापासून दूर कलेल. आणि भिंतीपासून, तारांपासून किमान दहा मीटर अंतर ठेवता येत असेल तरच लावावे.

इथे कायद्याचीही आठवण ठेवावी लागते. महाराष्ट्रात नागरी भागांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम आहे. स्वतःच्या आवारातले, स्वतःच्या हाताने लावलेले झाड तोडायचे तरी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. गोव्यातही १९८४ पासून वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे. त्यामुळे ‘मोठे झाले की तोडू’ या हिशेबाने अरोकेरिया लावणे ही नातवंडांच्या गळ्यात अडचण बांधण्यासारखी गोष्ट आहे. मोठी वाडी, चर्चचे पटांगण किंवा शाळेचे मैदान असेल तर हे झाड जरूर लावावे. साध्या अंगणासाठी ते नाही.

साध्या अंगणासाठी कोकम आहे.

कोकमाचे एकटे वाढलेले झाड ज्याने निरखून पाहिले आहे, त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. सरळ खोड, वर निमुळता होत गेलेला शंकूसारखा डोलारा, खाली झुकलेल्या फांद्या, बारा महिने गर्द हिरवी चकचकीत पाने, आणि कोवळी पालवी फुटते ती तांबूस लाल. नाताळचे म्हणून जगभर ओळखले जाणारे दोन्ही रंग एकाच झाडावर. उंची दहा ते पंधरा मीटर, तीही सावकाश वाढणारी. मँगोस्टीनच्या कुळातले हे झाड मूळचे पश्चिम घाटाचे आणि कोकणपट्टीचे. इथल्या पावसाला, उष्म्याला आणि जांभ्या मातीला ते सरावलेले आहे. नारळ-सुपारीच्या सावलीतही ते वाढते, म्हणून गोव्याच्या कुळागरांत आणि सिंधुदुर्गाच्या बागांत त्याला जुनी जागा आहे.

त्याचा लिखित इतिहासही ख्रिसमस ट्रीहून फारसा लहान नाही. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा भारतीय वनौषधींवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात एका संवादाच्या मथळ्यातच ‘ब्रिंदोंइश’ आहेत, म्हणजे कोकणीतली आपली भिरंडे. स्ट्रासबुर्गच्या दिवाणखान्यांतल्या सजवलेल्या झाडांचे वर्णन लिहिले गेले, त्याच्या ४२ वर्षे आधी हे फळ गोव्याच्या छापील पानावर आले होते.

डिसेंबरच्या थंडीत टाचांना भेगा पडल्या की भिरंडेल गरम करून लावतात ते याच झाडाच्या बियांचे. एप्रिल-मेमध्ये फळ उतरते, आमसुले वाळतात, आगळ भरले जाते, सोलकढी वर्षभर पानात असते. जे झाड घराला एवढे देते, त्याच्या फांदीला वर्षातून एकदा तारा टांगणे हा त्याचा मानच आहे. फर फक्त सणापुरता कामाचा. कोकम सण संपल्यावरही घरातले आहे.

लागवडीच्या बाबतीत काही गोष्टी आधी समजून घ्याव्यात. कोकमाची नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला पहिला फुलोरा यावा लागतो, म्हणजे सहा-सात वर्षे. फळ हवेच असेल तर कलम घ्यावे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती दिल्या आहेत. पण इथे एक मेख आहे, आणि ती अरोकेरियासारखीच आहे. आडव्या वाढणाऱ्या फांदीची काडी वापरून केलेले कलम पुढे झुडपासारखे पसरते. उभ्या शेंड्याची काडी वापरली असेल तरच झाड सरळ, निमुळते होते. ज्याला नाताळचे झाड म्हणून कोकम हवे आहे, त्याने रोपवाटिकेत हा एक प्रश्न विचारून घ्यावा, किंवा सरळ बियांचे रोप लावावे. नर निघाले तर फळ मिळणार नाही, पण आकार उत्तम मिळेल. जागा असेल तर दोन-तीन लावावीत. त्यांच्यात सहा मीटरचे अंतर पुरते.

खड्डा मे महिन्यात दोन-दोन फुटांचा घ्यावा, माती आणि शेणखताने भरून ठेवावा आणि पाऊस लागला की रोप लावावे. पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात सावली करावी आणि पाणी चुकवू नये. एवढे झाले की पुढे ते फारसे काही मागत नाही.

पहिल्या नाताळला रोप गुडघ्याएवढे असेल. त्याला एकच तारा टांगावा. पुढच्या वर्षी दोन. घरातल्या मुलाची उंची आणि झाडाची उंची बरोबरीने वाढताना पाहणे हा आनंद विकतच्या झाडात नाही, कारण विकतचे झाड दरवर्षी नव्याने येते आणि त्याला मागचे काही आठवत नसते. कोकम सावकाश वाढते म्हणून कुणी कुरकुर करेल. अमेरिकेतला शेतकरीही सहा फुटांच्या झाडासाठी सात वर्षे थांबतो.

सजवायचे कसे, यालाही थोडे भान लागते. कोकम साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारीत फुलावर असते. म्हणून वजनदार काही टांगू नये, डहाळ्या वाकवू नयेत, खिळे तर अजिबात ठोकू नयेत. तारेने फांदी आवळली तर ती तार विसरली जाते आणि साल तिच्याभोवती वाढून फांदी गुदमरते; त्यापेक्षा सुती दोरा बरा, तोही सैल. कागदाचे तारे, बांबूच्या कामट्यांचे छोटे कंदील, शिंपले, करवंटीचे तुकडे हे सगळे कोकणात घरबसल्या मिळते. कापसाच्या बर्फाची गरज नाही. दिव्यांची माळ एखादीच असावी, कमी उष्णतेची, खोडाला गुंडाळलेली नसावी आणि मध्यरात्रीचा मिस्सा आटोपून घर झोपले की ती विझवावी. झाडावर पाखरे वस्तीला असतात, रात्रीचे कीटक असतात. त्यांना अंधार लागतो. ६ जानेवारीला तीन राजांचा सण झाला की सगळे उतरवून ठेवावे.

कोकणातला डिसेंबर बाहेर बसण्यासाठीच असतो. पाऊस गेलेला, उकाडा अजून दूर, रात्री अंगावर पातळ शाल पुरेल एवढाच गारवा. जर्मनीत झाड आत आणावे लागले. इथे माणसांना बाहेर जाता येते. गोठ्याचा देखावाही झाडाच्या बुंध्याशीच मांडता येईल. गोव्यात आणि मुंबईच्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या पंधरा दिवस आधी वाडग्यांतून गहू किंवा नाचणी पेरून त्याची कोवळी हिरवळ गव्हाणीभोवती मांडतात. नवरात्रातल्या घटाशी हिचे नाते कुणालाही दिसेल. विकत आणलेल्या हिरव्या कागदापेक्षा पेरलेले धान्य गव्हाणीला शोभते, हे ज्या आज्यांना कळत होते, त्यांना अंगणातल्या झाडाचे महत्त्व वेगळे सांगावे लागणार नाही.

कुणी म्हणेल की सणाचे रूप असे बदलले तर त्यातले सणपण जाईल. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणि कीर्तन आणले, तेव्हाही अनेकांना तसेच वाटले असेल. आज मराठी ख्रिस्ती मंडळींना टिळकांची गीते परकी वाटत नाहीत. टिळकांचे बरेच आयुष्य गेले त्या अहिल्यानगर जिल्ह्यात किंवा सोलापूर, जालन्याकडे कोकम चालणार नाही, हे खरे. तिथे बकुळ लावावा. तो सदाहरित आहे, गोल आणि दाट आहे, सावलीला उत्तम आहे. दारात जुना कडुनिंब असेल तर त्यालाच दिवे लावावेत. झाडाचा आकार युरोपातल्या शुभेच्छापत्रासारखा असावा, असा नियम कुठेही नाही.

ज्यांना अंगण नाही त्यांचे काय? मुंबई, पुणे, विरारच्या इमारतींत राहणाऱ्यांनी घरटी एक प्लास्टिकचे झाड घेण्यापेक्षा सोसायटीच्या आवारात सर्वांचे एक झाड धरावे. जिना उतरून शेजाऱ्यांबरोबर एका झाडाभोवती उभे राहणे हे बंद दाराआड एकट्याने उभे राहण्यापेक्षा केव्हाही नाताळच्या जवळचे आहे. सज्जात कुंडीतला अरोकेरिया ठेवायचाच असेल तर भरपूर उजेडात ठेवावा, आठवड्या-पंधरवड्याने कुंडी थोडी फिरवावी, शेंड्याला हात लावू नये आणि कुंडीत मावेनासा झाला की त्याची रवानगी गावच्या एखाद्या मोकळ्या पटांगणात करावी, तीही तिथल्या माणसांना विचारून.

वसईला या विषयात वेगळे काही सांगण्याचा अधिकार आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली इथल्या वाड्या, विहिरी आणि पाणी वाचवण्यासाठी लढा उभारला. त्या लढ्यात ख्रिस्ती होते, हिंदू होते, मुसलमान होते. फादर दिब्रिटो २०२४ च्या जुलैमध्ये गेले. त्यांनी ज्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांसाठी आवाज उठवला, त्यांतल्या पुष्कळ वाड्यांवर आज इमारती आहेत. उरलेल्या अंगणांत दरवर्षी एक-एक झाड जरी वाढले, तरी गावाची सावली टिकायला मदत होईल.

येता नाताळ जवळ आहे म्हणून लगेच काही विकत आणण्याची घाई नको. घरात जे असेल ते यंदा वापरा. मात्र एप्रिल-मेमध्ये कोकमाचे फळ हाती आले की त्यातल्या चार टपोऱ्या बिया धुऊन, सावलीत पुसून, ताज्या असतानाच मातीच्या पिशवीत पेरा. दोन-तीन आठवड्यांत त्या रुजू लागतात. रोप वर्षभर पिशवीत वाढवा, आणि त्यापुढच्या जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हाताने ते अंगणात लावा.